हेडफोनमधून तानपुऱ्यात जे ऐकू येतंय त्याला म्हणायचं काय?

विश्रामबाग_सांगली
मंडळी, बोनसमधून एकदाचा ओपन बॅक (मागून उघडा) हेडफोन आणि छोटा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा सिग्नल हेडफोनसाठी बदलून देणारी डबी, घेतला, घरी बोलणी खाऊन झालीत. एका मैफिलीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं तर खर्जाची तार वाजून गेल्यावर वर एक बारीक स्वर तरंगतोय, कुणीच छेडलेला नाही असा, आणि तार सुटायच्या आधी बोट घासल्याचा खस्स आवाज. मित्राला सांगायला गेलो तर "डिटेल लई भारी" याच्या पुढं शब्दच सुचंना. इंग्रजी रिव्ह्यूत असतं तसं मखमली वगैरे म्हटलं तर म्हणतो, हेडफोन घेतलास का गादी? तुम्ही कसं सांगता?

घोडीवरचा_दोरा
अहो सांगलीत राहून हे विचारताय? मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानात तासभर बसा, शब्दच शब्द मिळतील. जवारी म्हणजे तारेची झंकार, ती खुली, बंद, गोल. तार जिच्यावर टेकते त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो केसभर इकडंतिकडं सरकवला की मुकी तार एकदम बोलायला लागते, कारागीर कान लावून तेवढंच करत बसतो. आणि तुमचा तो न छेडलेला स्वर म्हणजे स्वयंभू गंधार, खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा ग. काळी एक पट्टी असेल तर खर्ज साधारण ६९ हर्ट्झ, त्याच्या पाचपट ३४६, तो गंधार.

कंदीपेढा
आम्ही साताऱ्यात "आस" म्हणतो, तार छेडल्यावर आवाज किती वेळ मागं रेंगाळतो ते. डिटेलपेक्षा बरा शब्द आहे.

शंकासुर
गंधाराचं श्रेय हेडफोनला देऊ नका राव, ३४६ हर्ट्झ फोनबरोबर आलेल्या इअरफोनमधूनपण येतं, तुम्ही आत्ता कुठं शांत बसून ऐकताय एवढंच. बोटाचा खस्स वरच्या पट्टीतला असतो, तिथं हेडफोन-हेडफोनमध्ये फरक पडतो हे मान्य. डॅकचं मात्र तपासा. हेडफोन तोच ठेवा, एकदा फोनचा जॅक एकदा डॅक, आवाज मल्टीमीटरनं सारखा करून घ्या कारण अर्धा-एक डेसिबल मोठा असला तरी कानाला तोच "स्पष्ट" वाटतो, आणि कुणालातरी न सांगता बदलायला लावा. दहा वेळा. कुठला डॅक ते नऊ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलंत तर डॅकनं फरक पडतो हे मानू, नुसत्या अंदाजानं ते शंभरात एखाद्याच वेळी जमतं.

विश्रामबाग_सांगली
केलं. बायकोनं वायर बदलल्या, सातव्या वेळी चिडली. दहापैकी पाच. डॅकचे पैसे गेले, कृपया हा धागा तिला कुणी पाठवू नका. गंधार जुन्या इअरफोनमध्येपण सापडला, शंकासुर बरोबर होते. खस्स मात्र त्यात नाहीच, फार तर पुसट काहीतरी.
रविवारी मिरजेलापण जाऊन आलो, दोरा सरकताना डोळ्यानं बघितला, हललेला दिसतसुद्धा नाही पण आवाज उघडतो. मित्राला फोनवर सांगितलं, जवारी खुली, आस लांब, बोट अगदी कानाशी. म्हणाला येतो ऐकायला, गादी टाकून ठेव.