काल्डर हॉल: वीज मुख्य की प्लुटोनियम?

चौकस_सातारकर:
१७ ऑक्टोबर १९५६ ला राणी एलिझाबेथने इंग्लंडमधल्या काल्डर हॉल अणुवीज केंद्राचं उद्घाटन केलं, अणुविजेचा जगभर गाजावाजा झाला. आता वाचतोय की तिथली अणुभट्टी मुळात बॉम्बच्या प्लुटोनियमसाठी होती. एकाच भट्टीतून दोन्ही कसं निघतं?

निवृत्त_शिफ्टवाला:
उभी नोकरी अणुवीज केंद्रात गेली, म्हणून राहवत नाही.

शेजारीच विंडस्केलला हवेने थंड होणाऱ्या दोन भट्ट्या होत्या. प्लुटोनियम मिळायचं, उष्णता मात्र चिमणीतून आभाळात. काल्डर हॉलला न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं ग्रॅफाइट आणि इंधन म्हणून नैसर्गिक युरेनियम तेच, पण हवेऐवजी दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड फिरवला आणि त्या उष्णतेवर वाफ केली. वीज ही वरकमाई! साहेबाने मिरवली मात्र तीच.

खरी मेख इंधन किती काळ आत ठेवायचं यात आहे. युरेनियम-२३८ ने न्यूट्रॉन गिळला की त्याचं पुढे प्लुटोनियम-२३९ होतं. इंधनाची दांडी आतच राहिली तर हे प्लुटोनियमही न्यूट्रॉन गिळतं आणि काहीचं प्लुटोनियम-२४० होतं. हे २४० आपोआप फुटून न्यूट्रॉन सोडतं, त्यामुळे बॉम्बमधलं प्लुटोनियम पुरतं आवळलं जाण्याआधीच अणू फुटण्याची साखळी सुरू होऊन तो फुसका जाऊ शकतो. म्हणून बॉम्बवाल्यांना दांड्या लवकर बाहेर हव्यात, वीजवाल्यांना त्या शेवटपर्यंत पिळायच्या असतात. काल्डर हॉलला १९६४ पर्यंत बॉम्बवाल्यांचं चाललं, मग विजेकडे कल गेला. २००३ ला बंद.

कोलंबियाकाठी:
आमच्याकडे अमेरिकेत, बॉम्बचं प्लुटोनियम बनवणाऱ्या हॅनफर्डलाही असंच. जुन्या भट्ट्या गरम पाणी नदीत सोडायच्या. तिथल्याच एन-रिअ‍ॅक्टर या भट्टीतून प्लुटोनियमसोबत १९६६ पासून वीजही काढली. चेर्नोबिलच्या अपघातानंतर, १९८७ ला ती भट्टी थांबवली.

चौकस_सातारकर:
मग दांड्या लवकर काढल्या तर तारापूरलाही बॉम्बचं प्लुटोनियम जमेल?

निवृत्त_शिफ्टवाला:
कागदावर, हो. पण १९६९ च्या त्या दोन भट्ट्यांत इंधन बदलायचं तर भट्टी बंद करून झाकण उघडावं लागतं. सारखं तेच केलं तर वीज बुडते आणि लपतही नाही. शिवाय त्यांवर आंतरराष्ट्रीय तपासणी आहे. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या किंवा रशियाच्या आरबीएमके (चेर्नोबिलच्या जातीच्या भट्ट्या) यांत चालू भट्टीतच दांडी बदलता येते, म्हणून संशय त्यांच्यावर जास्त.

आणि १९७४ च्या पोखरणचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस या संशोधन भट्टीचं. तिने एक युनिटही वीज केली नाही.