नाशिककरांनो, तुमची गाडी लिटरला किती देते? काय केल्यावर फरक पडला?

सुरुवात मी करतो. पेट्रोल हॅचबॅक, घर इंदिरानगर. ॲव्हरेज 18 वरून 14.5 वर आलं होतं. जो तो म्हणे, द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत असंच होणार. पण गर्दी तर आधीही होतीच की! कारण निघालं टायरची हवा. मी दर वेळी घोटीहून परत येताना पाथर्डी फाट्यावर हवा बघायचो. टायर तापलेले, त्यामुळे आकडा जास्त दिसायचा, आणि पोरगा माझ्यासमोर फुस्सकन हवा सोडायचा. सकाळी थंड टायरवर मोजलं तर पुढच्या दोन्हींत 25. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर सांगतं 33! आता दर पंधरा दिवसांनी, गाडी फिरवायच्या आधी, घरच्या छोट्या पंपाने भरतो. गावात 17 मिळतात.

एक विनंती, आकडा टाकी ते टाकी काढलेला द्या. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा बंद पडलं की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. माझ्या गाडीचा डिस्प्ले दीड किलोमीटर वाढवून सांगतो.

*

सिडको ते अंबड एमआयडीसी, रोज जेमतेम 4 किलोमीटर. इंजिन गरम होईपर्यंत पेट्रोल जास्त खातं, आणि ते गरम होतंय तोवर माझी कंपनी येते. 12 च्या वर कधी गेलीच नाही. आता भाजी, बँक, मुलीचा क्लास ही सगळी कामं परतीच्या एकाच फेरीत उरकते. 13.5 झालंय.

*

दर आठवड्याला मुंबई. इगतपुरी सोडली की कसारा घाटात बरेच जण गाडी न्यूट्रल करतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं, वडिलांकडून शिकलो होतो. त्यांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडंफार वाचतही असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गणित उलटं आहे. गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर इंधन सोडणंच बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. आरपीएम अगदी खाली आला की इंधन परत सुरू होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला सतत थोडं पेट्रोल जळतं, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. घाटात खाली पोचलो की ब्रेकचा जळका वास यायचा, तो आता येत नाही. कृपा करून घाटात न्यूट्रल करू नका, पेट्रोल वाचो न वाचो.

*

पिंपळगाव बसवंत, डिझेल. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात बागेच्या कच्च्या रस्त्यावर धुरळाच धुरळा. एअर फिल्टर काढून आपटला की ओंजळभर माती पडते. नवीन टाकल्यावर पिकअप सुधारला, पण खरं सांगायचं तर ॲव्हरेजमध्ये फार फरक नाही.

खरा चोर वेगळाच होता. ओझरहून येऊन गाडी लावली तर मागच्या डाव्या चाकाजवळ गरम झळ लागली. बाकी तीन चाकं कोमट. जॅकवर चढवून ते चाक हाताने फिरवायला गेलो तर हलेना. ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या, म्हणजे गाडी किती महिने ब्रेक लावूनच पळत होती! त्याआधी एका गॅरेजवाल्याने इंजेक्टर साफ करायचे पैसे घेतले होते, चाकाला हातही लावला नव्हता. पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड बदलले. 15 ची गाडी 19 वर आली.

*

सप्तशृंगी गडावर सामान न्यायला टपावर कॅरियर बसवलं होतं, ते आठ महिने तसंच राहिलं. काढल्यावर हायवेला लिटरमागे एक किलोमीटर वाढला. वारा किती अडतो हे 90 च्या वेगाला कळतं.

*

पिंपळगावकर दादा, तुमचं वाचून आज गंगापूर रोडहून आल्या आल्या चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. पुढचं उजवं जास्त तापलंय. उद्या सकाळी जॅक लावतो आणि काय निघतं ते इथेच लिहितो.