मदत हवी आहे: डन्स्टमध्ये (डेस्कटॉपवर सूचना दाखवणारा प्रोग्रॅम) फुलस्क्रीन संपल्यावर जुन्या सूचना एकदम येतात, त्या टाळायच्या कशा?

सेटअप: एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा), आयथ्री (विंडो मॅनेजर), डन्स्ट १.११. दुसरा कुठलाही नोटिफिकेशन डीमन (मागे चालणारा सूचनांचा प्रोग्रॅम) चालू नाही. (ऑप्शनची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजीतच आहेत.)

डन्स्टआरसीमध्ये (डन्स्टची कॉन्फिग फाइल) दोन नियम आहेत. पहिला सगळ्या सूचनांसाठी, फुलस्क्रीन = डिले (फुलस्क्रीन असेपर्यंत सूचना थांबवून ठेवायची). त्याच्या खाली क्रिटिकल अर्जन्सीसाठी (सगळ्यात तातडीच्या सूचना) फुलस्क्रीन = शो (तरीही दाखवायची). क्रम हाच हवा, कारण खालचा नियम वरच्याला झाकतो. हा भाग व्यवस्थित चालतो. नोटिफाय-सेंडने (सूचना पाठवायची कमांड) तिन्ही अर्जन्सी तपासून पाहिल्या.

अडचण पुढे आहे. तासाभराने फुलस्क्रीनमधून बाहेर आलं की अडकलेल्या तीस-चाळीस सूचना रांगेने येऊ लागतात. टाइमआउट (सूचना किती वेळ दिसावी) कमी करून उपयोग नाही, कारण त्याची मोजणी सूचना पडद्यावर आल्यावरच सुरू होते. नोटिफिकेशन लिमिट ५ केलं तर एका वेळी पाचच दिसतात, पण बाकीच्या मागून येतातच. स्किप डिस्प्ले लावलं तर सूचना थेट हिस्टरीत (जुन्या सूचनांची यादी) जाते, पण मग फुलस्क्रीन नसतानाही ती दिसत नाही. डन्स्टसीटीएलने (डन्स्टला आज्ञा देणारी कमांड) पॉज करून पाहिलं, तिथेही रांग तशीच साचते.

गंमत म्हणजे शो एज थ्रेशोल्ड ६० ठेवलं की सूचनेसोबत तिचं वयही छापून येतं, म्हणजे डन्स्टकडे ही माहिती असते!

सूचना पुसायच्या नाहीत, हिस्टरीत राहायला हव्यात. कॉन्फिगमध्येच जमलं तर उत्तम, नाहीतर छोटी स्क्रिप्टही चालेल. रांगेत पाच मिनिटांहून जास्त थांबलेल्या सूचना न दाखवता थेट हिस्टरीत कशा ढकलायच्या?