'माळ' म्हणजे पडीक जमीन? मला नाही पटत

सिन्नरकर: प्लॉटच्या एका जाहिरातीत वाचलं, 'माळाची, म्हणजे पडीक जमीन, म्हणून स्वस्त.' डोकंच फिरलं. माळात पडीकपणा आला कुठून? मूळ शब्द संस्कृत 'माल'. मेघदूतात यक्ष मेघाला सांगतो, 'क्षेत्रमारुह्य मालम्', त्या मालावर चढ. आणि ती जमीन कशी? नुकती नांगरलेली, मातीचा वास सुटलेली! मेघदूताचा अर्थ उलगडणाऱ्या मल्लिनाथाच्या जुन्या टीकेतही अर्थ उंचावरची जमीन, बस. आमच्याकडे मृगाचा पाऊस झाला की माळावर बाजरी पेरतात. पाभरीमागून एकदा चालून बघा, मग पडीक म्हणा.

येवलेकर: कालिदासाने वापरला म्हणून शब्द संस्कृत होत नाही हो. कन्नडमध्ये 'मले' म्हणजे डोंगर, तमिळमध्ये 'मलै'. संस्कृतनेच तो दक्षिणेतून उचलला असणार. आणि पडीक म्हणा नाहीतर काही, आमच्या ममदापूरकडे माळ म्हणजे मुरूम, कुसळी गवत आणि काळवीट. नांगर घातलात की त्याला कोणी माळ म्हणत नाही.

सिन्नरकर: कर्नाटकातल्या मलेनाडात किर्र झाडी आणि धो धो पाऊस. आमच्या माळावर सावलीला धड बाभूळ नाही. हा तोच शब्द?

येवलेकर: अर्थ सरकतात की. 'रान'च घ्या. अरण्य, प्राकृतात रण्ण, मग रान. आणि तुम्ही सकाळी भाकरी बांधून 'रानात चाललो' म्हणता ते कांदे निंदायला!

गोदाकाठची: फल-फळ, कमल-कमळ, तसंच माल-माळ. इथवर तुम्ही दोघं एकच बोलताय. भांडण 'माल'च्या आधी काय होतं, याचं. मल्लिनाथ स्वतः तेलंगणातल्या मेदककडचा. तेलुगूत 'मल' म्हणजे डोंगर, तिरुमला आठवा. मला येवलेकरांचं पटतंय. पण पडीकपणाचा मुद्दा सिन्नरकरांचा. उंच असणं वेगळं, नापीक असणं वेगळं.

पंचवटीवाला: मधेच विचारतो, 'मळा' या माळाचाच भाऊ का? नाशकात जिकडेतिकडे अमक्याचा मळा, तमक्याचा मळा असेच पत्ते.

येवलेकर: असलाच तर सावत्र. मळ्याला आधी विहीर लागते.

पंचवटीवाला: आमच्या मळ्यातली पार्किंगखाली गेली. उन्हाळ्यात टँकर येतो.

सिन्नरकर: टँकर राहू द्या. कालिदासाचा माल नांगरलेला होता, याचं उत्तर येवलेकरांनी अजून दिलेलं नाही.