नागपूरच्या बर्डीजवळ पुनर्विकास: २४ मीटरच्या रस्त्यात काय बसतं?

प्रश्न: सीताबर्डी मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल असा भाग. बस, ऑटो, पादचारी कसे बसवायचे?

उत्तर १: आधी फुटपाथची जागा काढून ठेवा. दोन्हीकडे २.५ मीटर मोकळा, शिवाय खांब, डीपी (विजेच्या पेट्या) आणि झाडांना १ मीटरचा पट्टा. उरले १७. चार लेन १३ मीटर, बाकीत दुभाजक आणि एका बाजूला ऑटोंची जागा. कर्ब (फुटपाथची कड) १५० मिमीपेक्षा उंच नको, लोक चढत नाहीत, रस्त्यावरूनच चालतात.

उत्तर २: बसथांबा चौक ओलांडल्यावर द्या भाऊ. अलीकडे दिला की उभ्या बसमुळे डावं वळण अडतं.

उत्तर ३: खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हात आकसते. मुरुमाचा थर नीट दाबा. काँक्रीटआधी आडवे डक्ट (केबलचे पाइप) टाका, नाहीतर केबलसाठी फोडतीलच. रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याखाली ठेवा. हे हमखास विसरतात, मग पाणी घरात.