टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतलेला ईसीजी) पॉझिटिव्ह आली पण त्रास काहीच नाही, अँजिओग्राफी करावीच लागेल का?

साखळीकर:
मंडळी, जरा सांगा. माझी ताई ४१ वर्षांची, शुगर नाही बीपी नाही, छातीत कधी दुखलं नाही, ऑफिसच्या चेकअप पॅकेजमध्ये टीएमटी होती ती केली आणि रिपोर्टच्या तळाला ठळक अक्षरात पॉझिटिव्ह. तिथल्या माणसाने उभ्याउभ्याच सांगितलं, अँजिओग्राफी करून घ्या. गणेश चवथ तोंडावर आलीय, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांचं) सामान बघायचं सोडून ती रात्रभर जागी. हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉकेज आहेच असं धरायचं का?

फोंड्याची टेक्निशियन:
नाही धरायचं. बायकांत ब्लॉकेज नसताना पण एसटी (ईसीजीच्या रेषेचा एक भाग) खाली जाते, मी रोज बघते. किती मिनिटं चालली, एसटी किती मिमी खाली गेली, चालताना दुखलं का, ते टाक इथे.

पेडणेकार:
१९८९ साली सर्क्युलेशन जर्नलमध्ये १४७ अभ्यास एकत्र करून आकडे काढलेले, सरासरी बघितली तर टीएमटी १०० आजारी लोकांतले ६८ पकडते आणि १०० निरोगी लोकांतल्या २३ जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. आता ताईसारख्या १०० बायका घे, समजा ५ जणींना खरंच ब्लॉकेज. त्यातल्या ३ सापडणार आणि उरलेल्या ९५ मधल्या २२ जणी विनाकारण घाबरणार. म्हणजे पॉझिटिव्ह २५, खऱ्या ३. हाच कागद साठीतल्या, विडी ओढणाऱ्या, चढावर छाती आवळणाऱ्या काकांचा असता तर मी म्हटलं असतं आजच जा. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह टास्क फोर्सने तर २०१८ मध्येच सांगितलंय की त्रास नाही, धोका कमी, अशांची ही टेस्ट करूच नका. पॅकेजात कशाला घालतात, खरंच राग येतो.

साखळीकर:
१० मिनिटं ३० सेकंद, १ मिमी, दुखलं नाही. ब्रूस प्रोटोकॉल (ट्रेडमिलचा वेग आणि चढ टप्प्याटप्प्याने वाढवायची पद्धत) लिहिलंय.

फोंड्याची टेक्निशियन:
मग ड्यूक स्कोर काढ, टीएमटीवरून धोका किती ते सांगणारा आकडा. मिनिटांतून मिमीची ५ पट वजा करायची, दुखलं असतं तर आणखी वजा. साडेदहातून ५ गेले, उरले साडेपाच. ५ किंवा वर म्हणजे धोका कमी. तरी कार्डिओलॉजिस्टला दाखवच, फक्त शेवटचं पान नको, ईसीजीच्या सगळ्या पट्ट्या ने, आणि स्ट्रेस इकोने (हृदयावर ताण देऊन केलेल्या सोनोग्राफीने) भागेल का ते विचार. मधेच छातीत दाब किंवा धाप लागली तर मात्र थांबू नका, सरळ १०८.

साखळीकर:
सोमवारी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेतो. पट्ट्या फाईलला लावल्या. ताईला २५ आणि ३ चा हिशोब कागदावर मांडून दाखवला, आत्ता जेवली.