इंडियानाचे यश सोप्या वेळापत्रकाचे नाही

इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा 2024 चा हंगाम केवळ सोप्या वेळापत्रकामुळे, म्हणजे दुबळे प्रतिस्पर्धी वाट्याला आल्यामुळे गाजला, असे काहीजण म्हणतात; हे मत मला अपुरे वाटते. आदल्या वर्षी 12 पैकी 3 सामनेच जिंकलेल्या या संघाची सूत्रे मुख्य प्रशिक्षक म्हणून कर्ट सिग्नेटी यांनी स्वीकारली, तेव्हा ते आधी प्रशिक्षक असलेल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातील त्यांचे अनेक खेळाडू आणि साहाय्यक प्रशिक्षकही त्यांच्यासोबत आले. त्यामुळे नवी पद्धत रुजण्यास लागणारा वेळ वाचला आणि माझ्या मते यशाचे मुख्य कारण तेच आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाविरुद्धचा 38-15 असा पराभव मलाही बोचला. परंतु मिशिगन विद्यापीठाच्या संघाला 20-15 असे नमवणाऱ्या आणि आपल्या संघाच्या इतिहासात प्रथमच एका हंगामात 11 विजय मिळवणाऱ्या या खेळाडूंना नशीबवान ठरवणे अन्यायाचे आहे.